उद्घाटनाचा पैसा आणि तिसऱ्या वर्षीचं बिल

प्रश्न अहमदपूरच्या दोन तरुणांचा आहे. सोयाबीनच्या शेतकऱ्यांना व्हॉट्सॲपवर बोलून प्रश्न विचारता यावा अशी सेवा ते चालवतात, दोन-अडीच हजार शेतकरी जोडलेले आहेत. त्यांनी विचारलंय ते थोडक्यात असं: परराष्ट्र धोरणाचा भाग म्हणून सरकारं परदेशात एआय बसवायला पैसा देतात असं वाचलं. हा पैसा येतो कसा, देणाऱ्याला त्यातून काय मिळतं, आमच्यासारख्या छोट्यांना त्यात शिरता येतं का, आणि इथे टँकर चालू असताना बाहेर पैसा द्यावाच का?

मी परभणीची. कृषी पदवीनंतर पहिली आठ-नऊ वर्षं जागतिक बँकेच्या पैशावर चालणाऱ्या प्रकल्पांचं गावपातळीवरचं मूल्यमापन केलं, म्हणजे मोटारसायकलवर मागे बसून गावं पालथी घातली. पुढे भारताच्या मदतीने नेपाळमध्ये आणि पूर्व आफ्रिकेत चाललेल्या शेती-माहितीच्या कामांत प्रशिक्षण दिलं, तपासण्या केल्या. आधी घेणाऱ्याच्या बाजूला बसले, मग देणाऱ्याच्या. दोन्हीकडचं सांगते. जरा लांबेल.

टँकरचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनात राहिला की बाकीचं ऐकू येत नाही. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात परराष्ट्र मंत्रालयाला साधारण २०,५०० कोटी रुपये होते. त्यातून दुसऱ्या देशांना जाणारी मदत देशवार मांडलेली असते: भूतानला २,१५० कोटी, नेपाळला ७००, मालदीवला ६००, आणि अख्ख्या आफ्रिका खंडाला मिळून २२५ कोटी. एआय या सगळ्यात प्रशिक्षण, डिजिटल सेवा अशा कामांच्या पोटात जातं. देशातल्या एआयसाठी मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेलं इंडियाएआय मिशन १०,३७२ कोटींचं आहे आणि ते मुख्यतः देशातच खर्चायचं आहे. तेव्हा आपल्या टँकरचं डिझेल कुणी नैरोबीला पाठवत नाहीये. टँकर का लागतो त्याची कारणं इथेच आहेत, उसापासून मोजायला सुरुवात करा. तो वाद वेगळा, आणि त्यात मी तुमच्यापेक्षा जास्त तावातावाने बोलेन.

आता देणाऱ्याचं काय. इथे तुम्हाला लिंकिंग आठवलं की निम्मं समजलंच. खताच्या दुकानात डीएपीचं पोतं हवं असेल तर सोबत नको असलेली बाटली घ्यावी लागते, पावतीवर मात्र सगळं राजीखुशीने घेतल्यासारखं दिसतं. अमेरिकेने २३ जुलै २०२५ ला जो अध्यक्षीय आदेश काढला, त्यात अमेरिकी एआयचा पूर्ण संच निर्यात करण्याचा कार्यक्रम आहे: चिप, सर्व्हर, डेटाची व्यवस्था, मॉडेल, सुरक्षा आणि वरचं शेतीचं किंवा आरोग्याचं ॲप, सगळं एका गठ्ठ्यात. कंपन्यांनी एकत्र येऊन गठ्ठा बांधायचा, सरकारने त्यामागे तिकडच्या एक्झिम बँकेचं (निर्यातीला पैसा पुरवणारी सरकारी बँक) कर्ज, विकास वित्त महामंडळाची हमी, व्यापार-विकास संस्थेचा अभ्यासनिधी अशी ताकद उभी करायची. हेतू लपवलेला नाही. मित्रदेशांनी आमच्या तंत्रज्ञानावर उभं राहावं आणि प्रतिस्पर्ध्याच्या तंत्रज्ञानावर अवलंबून राहू नये, हे त्या आदेशातच लिहिलंय. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. पण घेणाऱ्या देशाच्या कृषी खात्यातला माणूस जेव्हा विचारतो की यातलं फक्त ॲप घेऊ का, सर्व्हर आमचाच ठेवू का, तेव्हा दुकानदाराचं उत्तर काय असेल ते तुम्हाला माहीत आहे.

चीनची रीत वेगळी. २०१५ पासून डिजिटल रेशीम मार्गाच्या नावाखाली त्यांनी केबल, मनोरे, डेटा सेंटर, कॅमेरे अशी जमीन आधी नांगरून ठेवली. जुलै २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत विकसनशील देशांची एआय क्षमता वाढवण्याचा ठराव त्यांनी मांडला, तो एकमताने मंजूर झाला. आणि जानेवारी २०२५ मध्ये डीपसीकचं मॉडेल कुणालाही उतरवून घेता येईल असं खुलं आलं. ते खाजगी कंपनीचं, सरकारी मदत म्हणून कुणी दिलेलं नाही. तरी एखाद्या गरीब देशाच्या माहिती-तंत्रज्ञान खात्यात बसून पाहिलं तर दहा सामंजस्य करारांपेक्षा ती एक फाइल जास्त कामाची असते.

ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ च्या ब्लेचली पार्कच्या एआय-सुरक्षेवरच्या बैठकीत कॅनडा आणि इतरांसोबत मिळून एआयसाठी ८ कोटी पौंडांचा कार्यक्रम जाहीर केला, भर आफ्रिकेवर. चांगला कार्यक्रम आहे: स्थानिक विद्यापीठं, स्थानिक भाषा. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच देशाने परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यावर आणायचं ठरवलं. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्गच्या जी-२० मध्ये आफ्रिकेतल्या एआयसाठी १ अब्ज डॉलर जाहीर केले. वाळवंटातल्या देशाला तेल संपल्यावरचं बघायचंय, त्यात नवल नाही.

हा ओघ आपल्या बांधापर्यंत कसा येतो तेही पाहा. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या जवळपास ३.८ कोटी शेतकऱ्यांना मोसमी पावसाच्या आगमनाचा एआयवर आधारलेला अंदाज एसएमएसने पाठवला. त्यात गुगलचं एक मॉडेल होतं, युरोपच्या हवामान केंद्राचं एक होतं, आणि भारताची सव्वाशे वर्षांची पावसाची नोंद होती. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच दाखल झाला आणि मग मधेच अडकून बसला. तो अडकणार हे त्या अंदाजाने आधी सांगितलं होतं. म्हणजे परक्याचं मॉडेल चालतं, अगदी झकास चालतं. नोंदी आणि पाठवणारं खातं आपलं असेल तर.

आता भारत काय देतो. आपल्याकडचा पैसा तीन-चार वाटांनी जातो, आणि तुम्हाला शिरायचं असेल तर वाट कोणती हे समजणं सगळ्यात महत्त्वाचं.

सगळ्यात जुनी वाट आयटेक. १५ सप्टेंबर १९६४ ला सुरू झालेला प्रशिक्षणाचा कार्यक्रम, आज १६० च्या आसपास देशांचे अधिकारी त्यातून इथे येतात. विमानाचं तिकीट, राहणं, जेवण, शिकवणीची फी सगळं भारत सरकारचं. हैदराबाद, पुणे, दिल्ली अशा ठिकाणच्या संस्थांत ही माणसं दोन-तीन आठवडे शिकतात, चारमिनार पाहतात, मुलांसाठी भेटवस्तू घेतात आणि परत जातात. ऐकायला किरकोळ वाटतं. मी मात्र पूर्व आफ्रिकेत ज्या ज्या दारात अडले ते दार हैदराबादला राहून गेलेल्या कुणीतरी उघडलं. एका जिल्हा कृषी अधिकाऱ्याला माझं आडनाव धड उच्चारता येत नव्हतं, पण राजेंद्रनगरच्या वसतिगृहातल्या उपम्याबद्दल तो दहा मिनिटं बोलला. चांगलं बोलला नाही, हे वेगळं. पण काम त्याच दिवशी झालं.

दुसरी वाट अनुदानाची. शेजारी देशांत छोटी सामुदायिक कामं, आफ्रिकेत २०१९ पासून दूरशिक्षण आणि दूरवैद्यकाची ई-विद्याभारती, ई-आरोग्यभारती. ती टीसीआयएल ही सरकारी कंपनी राबवते. डिजिटल सार्वजनिक सुविधांसाठीचा सोशल इम्पॅक्ट फंड याच जातीचा, नोव्हेंबर २०२३ मध्ये भारताने त्यात सुरुवातीला अडीच कोटी डॉलर टाकायचं जाहीर केलं.

तिसरी वाट पतपुरवठ्याची, लाइन ऑफ क्रेडिट. भारत सरकारच्या वतीने आपली एक्झिम बँक दुसऱ्या देशाच्या सरकारला स्वस्त, लांब मुदतीचं कर्ज देते. अट अशी की करारातला किमान ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायची. पैसा त्या देशात जातच नाही. त्यांचं खातं काम झाल्याचं प्रमाणित करतं आणि एक्झिम बँक इथल्या निर्यातदाराला इथेच पैसे देते. पेरणीसाठी सोसायटीचं कर्ज घ्यायला गेलं की कर्जाचा एक भाग खताच्या रूपात हातात पडायचा, तसाच हा प्रकार. लिंकिंग म्हणून अमेरिकेला नावं ठेवली तेव्हा आपलंही सांगायला हवं.

आणि चौथी वाट, जिच्यात रोख पैसा जवळजवळ नसतो: वस्तूच खुली करून देणं. कोविनची आज्ञावली २०२१ मध्ये जगाला देऊ केली. बंगळूरच्या ट्रिपल आयटीत २०१८ पासून चाललेलं मोसिप हे ओळखपत्राचं खुलं सॉफ्टवेअर. फिलिपीन्स, मोरोक्को, इथिओपिया यांनी आपापली ओळख-व्यवस्था त्यावर उभी केली. त्याला पैसा सरकारी कमी आणि धर्मादाय संस्थांचा जास्त. यूपीआय फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये सुरू झालं. माझ्या मते आपल्या परराष्ट्र धोरणाला गेल्या दहा वर्षांत सर्वांत जास्त उत्पन्न याच चौथ्या रानाने दिलं, आणि बियाणं सर्वांत कमी लागलं. कारण घेणाऱ्याच्या हातात चावी राहते. तो उद्या आपल्यावर रुसला तरी त्याची यंत्रणा बंद पडत नाही, आणि म्हणूनच तो रुसत नाही.

या चार वाटांपैकी पहिल्या तीन एआयसाठी बनलेल्याच नाहीत. पतपुरवठ्याचे नियम रेल्वे, वीजवाहिनी, साखर कारखाना, धरण अशा कामांसाठी घडलेत. धरण एकदा बांधलं की उभं राहतं. गाळ साचेल, दरवाजे गंजतील, पण पन्नास वर्षं पाणी अडवेल. शेतीसल्ल्याचं एआय म्हणजे धरण नाही, म्हैस आहे. रोज चारा लागतो, नाही घातला तर आठ दिवसांत दूध आटतं.

हिशेब मांडून दाखवते, आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. समजा एका देशात १ लाख शेतकरी जोडले आणि प्रत्येकाने महिन्याला ४ प्रश्न विचारले. ४ लाख प्रश्न. आवाजाचे शब्द करणं, उत्तर काढणं, उत्तराचा आवाज करणं आणि निरोप पाठवणं, सगळं मिळून एका प्रश्नाला दीड रुपया धरा. महिन्याला ६ लाख, वर्षाला ७२ लाख. हे नुसतं चालवायचं. त्यावर उत्तरं तपासणारे दोन कृषी पदवीधर, भाषा सुधारणारा एक, नव्या किडीची माहिती भरणारा एक, त्यांचे पगार. मॉडेल भाड्याचं असेल तर बिल डॉलरमध्ये येणार, आणि त्या देशाचं चलन डॉलरपुढे घसरलं की तेच बिल वाढणार. प्रकल्प असतो दोन वर्षांचा. पहिल्या वर्षी मंत्री येतात, फीत कापतात, राजदूत भाषण करतात. दुसऱ्या वर्षी अहवाल. तिसऱ्या वर्षी हे ७२ लाख कुणी भरायचे? ज्या कृषी खात्याकडे विस्तार अधिकाऱ्याच्या पेट्रोलला तरतूद नाही, त्याच्या अंदाजपत्रकात टोकनचं, म्हणजे मॉडेलच्या वापराचं बिल कोणत्या शीर्षाखाली घालणार?

मी तपासलेल्या अशा कामांत मी सगळ्यात आधी तिसऱ्या वर्षाचं पान मागायचे. बहुतेक वेळा त्या पानावर एकच वाक्य असायचं, की पुढे यजमान सरकार जबाबदारी घेईल. यजमान सरकारच्या माणसाने ते पान वाचलेलं नसायचं.

देणाऱ्याचा विचार फिरला तर काय होतं तेही आपल्या शेजारी पाहिलंय. २०१६ मध्ये हैदराबादच्या मॅनेज या कृषी विस्ताराच्या राष्ट्रीय संस्थेत एका त्रिपक्षीय प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा सुरू झाला: पैसा यूएसएड या अमेरिकेच्या सरकारी मदत संस्थेचा आणि भारत सरकारचा, शिकवणारे भारतीय, शिकणारे आफ्रिका-आशियातल्या १७ देशांचे कृषी अधिकारी. कल्पना उत्तम होती, त्यातल्या काही तुकड्यांना मीही भेटले. आता यूएसएड नाही. जानेवारी २०२५ मध्ये मदत गोठली आणि १ जुलैला संस्थाच बंद झाली. त्या गोठण्याच्या आठवड्यात मला एका ओळखीच्या बाईचा फोन आला. ती तिकडे एका स्थानिक संस्थेत मक्याच्या लष्करी अळीवर सल्ला देणारी सेवा सांभाळायची. तिचं म्हणणं साधं होतं: सर्व्हरचं भाडं दहा तारखेला देय आहे, पैसे मागायचे तर कुणाकडे, ईमेल पोचतच नाही. शेतकऱ्यांना काय सांगू, असं तिने तीनदा विचारलं. त्या गावांपुरतं देणाऱ्या देशाचं परराष्ट्र धोरण त्या क्षणी एवढंच होतं, आणि ते काही शोभेचं नव्हतं.

भाषेकडे येते. तुमचं खरं भांडवल तिथेच आहे, आणि प्रश्नात तुम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीने मराठी बोलणारा सल्लागार तपासायला दिला होता. जिंतूर तालुक्यातल्या एका गावात, मृगाचे दोन पाऊस झालेले, आम्ही एका ओट्यावर फोन ठेवून बसलो. साठीतल्या एका काकांनी फोनकडे तोंड करून मोठ्याने विचारलं, ‘रानाला घात आली का नाही ते सांग.’ तुम्हाला सांगायला नको, घात येणं म्हणजे जमीन वाफशावर येणं, तिफण चालवण्याजोगी होणं. यंत्राने दोन क्षण घेतले आणि अत्यंत मऊ आवाजात सांगितलं की विश्वासघात झाला असल्यास आपण जवळच्या पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा. काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. ‘ताई, ह्याला कुणी फसवलंय का?’

ओटाभर हशा झाला. पण तपासणीच्या वहीत मी जे लिहिलं ते हसण्यासारखं नव्हतं. यंत्राने शब्द अगदी बरोबर ऐकला होता. आवाज ओळखण्याच्या चाचणीत त्या वाक्याला पैकीच्या पैकी गुण पडले असते. चूक पुढच्या पायरीवर होती: मराठीचं आधी इंग्रजी, मग उत्तर, मग परत मराठी. त्या मधल्या पुलावर घात बुडाली.

दोन वर्षांनी हाच पूल मला पूर्व आफ्रिकेत भेटला. स्वाहिलीत वेळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास. आपले दहा म्हणजे त्यांचे चार. फवारणी सकाळी दहाच्या आत करा, असा सल्ला इंग्रजीतून स्वाहिलीत गेला तेव्हा यंत्राने दहा या आकड्याला सरळ दहा म्हटलं. ऐकणाऱ्यासाठी तो दहावा तास, म्हणजे आपले चार झाले. सकाळी चार म्हणजे पहाटेच्या अंधारात. काही जणांनी सल्ला सोडून दिला, दोघांनी खरंच पहाटे कंदील घेऊन फवारलं. सहा आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण अहवालात किती निरोप पोचले तेवढंच मोजलं जात होतं. निरोप सगळे पोचले होते!

तिथे आमच्यासोबत एक इंजिनीअर होता, हुशार मुलगा, त्याने रात्रीत दुरुस्ती केली. पण त्याला ही शंका यायला हवी होती हे मला त्याच्यापेक्षा आधी वाटलं, ते केवळ जिंतूरच्या ओट्यामुळे. ज्याच्या भाषेला परक्या यंत्राने एकदा ठेच दिली आहे त्याला दुसऱ्याच्या भाषेतली ठेच दिसते.

आपल्याकडे मदत घेण्याचा अनुभव कमी नाही. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं, ५२ गावं नव्या जागी बसवली. रस्ते सरळ, घरं ओळीत. जनावरं कुठे बांधायची आणि कडबा कुठे रचायचा याचं उत्तर मात्र त्या नकाशात सापडायचं नाही. पुढे हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीचा पोकरा प्रकल्प आला, २०१८ मध्ये, ४२ कोटी डॉलरचं कर्ज, मराठवाडा-विदर्भातली पाच हजारांवर गावं. त्यातली शेततळी अजून दिसतात, आणि काही शेततळ्यांचं प्लास्टिकही वाऱ्यावर फडफडताना दिसतं. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठात रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनांच्या शेतीतल्या वापराचं प्रशिक्षण केंद्र झालं, त्यातही निम्मा पैसा जागतिक बँकेचा आणि निम्मा केंद्राचा होता. त्यातून शिकून गेलेली मुलं ही माझ्या हिशेबात त्या पैशाची सर्वांत टिकाऊ वसुली.

घेणाऱ्या देशाच्या अधिकाऱ्याने विचारावे असे प्रश्न मला गावातल्या ग्रामसभांनी शिकवले. त्यातला एक विशेष महत्त्वाचा: ध्वनिफिती कुणाच्या? एक लाख शेतकरी दोन वर्षं आपल्या बोलीत बोलतात, तेव्हा त्या देशात कधीच नव्हता असा आवाजाचा साठा तयार होतो. सल्ला आज ना उद्या जुना होईल, पण त्या साठ्यावर पुढची मॉडेलं घडतात. करारात त्याबद्दल दोन ओळी असतात आणि त्या बहुतेकदा देणाऱ्याच्या वकिलाने लिहिलेल्या असतात. केनियाने २०१९ मध्येच वैयक्तिक माहितीचा कायदा केला, आपण २०२३ मध्ये. कायदा असला तरी ‘सेवा सुधारण्यासाठी वापर’ या तीन शब्दांत अख्खा साठा निघून जातो. परराष्ट्र धोरणाच्या दृष्टीनेही हे मूर्खपणाचं आहे. आज फुकट सल्ला देऊन आवाज नेला, आणि पाच वर्षांनी त्याच आवाजावर घडलेली सेवा त्यांनाच विकायला गेलात, तर तुमच्या देशाचं नाव तिथे सावकाराच्या यादीत जाईल. ती यादी गावात पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ असते.

आता तुमचं. सरळ निविदा भरून परदेशी काम मिळेल ही आशा सोडा. उलाढालीची अट, मागच्या कामांचे दाखले, बँक हमी. तुमच्या आकाराच्या कंपनीचा श्वास तिथेच कोंडतो. बँक हमीत अडकलेला पैसा दीड-दोन वर्षं परत येत नाही आणि तेवढ्यात पगार थकतात, असं झालेल्या दोन चांगल्या लोकांना मी ओळखते. त्यातल्या एकाने आता लातूरला हार्डवेअरचं दुकान टाकलंय, आणि तो आधीपेक्षा सुखी दिसतो.

आधी इथलं एक सरकारी काम पूर्ण करा आणि पूर्ण केल्याचा कागद घ्या. जून २०२५ मध्ये राज्याने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी. त्यातून छोटं काम मिळालं तरी चालेल. परदेशी निविदेत तुम्ही ज्याच्या मागे उभे राहाल त्या मोठ्या कंपनीला तोच कागद लागतो. स्वतःचं मॉडेल घडवायचं असेल तर त्याला लागणारी ग्राफिक्स कार्डं इंडियाएआय मिशनमधून सवलतीत मिळतात, सरकारने सांगितलेला सरासरी दर तासाला ६५ रुपयांच्या आसपास आहे. मराठीसाठी केंद्र सरकारचा भाषांतराचा मंच भाषिणी आणि मद्रास आयआयटीच्या एआयफॉरभारतचं खुलं काम आहेच. त्यावर उभे राहा, शून्यापासून सुरुवात करण्याचा हट्ट नको.

आणि विकायचं काय, तर चाचणी. चॅटबॉट विकणारे शंभर आहेत, त्यांच्यात तुम्ही एकशे एकावे. पण परक्या बोलीत शेतीचा सल्ला कुठे घसरतो हे आधी शोधून देणारे मला आफ्रिकेतल्या सगळ्या कामात तीन भेटले. मोठी कंपनी पतपुरवठ्याचं काम घेते तेव्हा स्वीकृती चाचणी, म्हणजे काम ताब्यात देण्याआधीची तपासणी, तिला करावीच लागते, आणि ती कशी करावी हे तिला कळत नाही. तिथे उपकंत्राट लहान असतं, जोखीम कमी असते, आणि पैसे टप्प्याने येतात. दुसरी जागा आयटेकची: ज्या संस्था हे वर्ग घेतात त्यांना बाहेरून शिकवणारी माणसं लागतात. मॅनेजला, परभणी आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठांना पत्र लिहा. मानधन फार नाही. पण वीस देशांचे कृषी अधिकारी तीन आठवडे समोर बसतात, आणि ती ओळख कुठल्याही निविदेत विकत मिळत नाही.

त्यासाठी हातात काहीतरी ठोस हवं. मी तुमच्या जागी असते तर आत्ता, खरीप सुरू होण्याआधी, दोनशे वाक्यांचा संच बांधला असता. लिहिलेली वाक्यं नकोत, बोललेली. घात, पाळी घालणं, रान पडीक टाकणं, माल उभा आहे, झाड मर झालं. २०२२ ला शंखी गोगलगायीने लातूर-बीडकडचं सोयाबीन खाल्लं तेव्हा लोक तिला काय काय नावांनी हाका मारत होते, तेही. प्रत्येक वाक्यासोबत तीन गोष्टी: ते बोलणाऱ्याला काय म्हणायचं होतं, यंत्राने काय समजलं, आणि त्या चुकीने शेतात नेमकं काय नुकसान झालं असतं. शेवटचा रकाना कुणीच भरत नाही, तो भरा. हा संच स्वाहिलीत किंवा नेपाळीत कसा बांधायचा ते मग एका पानात लिहून दाखवता येतं, आणि ते पान घेऊन कुणाच्याही दारात जाता येतं.

संच झाला की मला पाठवा, वाचून कळवीन. त्यातली निदान साठ-सत्तर वाक्यं बायांच्या तोंडची असू द्या. निंदणी-खुरपणी आणि बियाण्याची निवड त्यांच्या हातात असते, आणि त्या फोनशी पुरुषांपेक्षा अगदी वेगळ्या रीतीने बोलतात. तुमच्या अडीच हजारांत बाया किती, ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही.